झाडाची पलीकडची बाजू

"ओ हॅलो! ही लाकडाची बोंडं कोणाची? माझ्या पापडांना सगळा डिंक लागलाय. आता हे खायचे कोणी, तुम्ही?"

"खाईन ना. पाइनचा वास छान लागतो..."

इंद्रलोक सोसायटीतल्या आमच्या गच्चीवर निहारशी माझी ओळख झाली ती अशी. चांगलं झापायचं ठरवलं होतं मी, पण हसूच फुटलं.

चौथ्या मजल्यावरच्या पंढरीनाथ काकांचा हा मुलगा. उत्तराखंडात, पाइनच्या जंगलात कामाला. काकांच्या ऑपरेशनसाठी महिनाभर आला, तो पाइनच्या खवल्याखवल्यांच्या फळांचं पोतं घेऊनच. उन्हात फळं हळूहळू उघडायची, मग हा एकेक आपटून बिया मोजायचा. संध्याकाळी खाडीवरून दमट वारा आला की ती परत मिटायची. ते बघायला मी रोज गच्चीवर जायला लागले. म्हणजे, आईला तरी मी तसंच सांगायचे.

"पण एवढं मोजून करायचं काय?" एकदा विचारलं.

"पुढे जंगलात बी किती येईल, ते आधी सांगायचं. फळ पिकायला दोन वर्षं लागतात. पहिल्या वर्षी वाटाण्याएवढी असतात ना, तेव्हाच दुर्बिणीतून मोजून ठेवायची."

"अख्खं झाड?"

"छे! एका जागी उभं राहून दिसेल तेवढंच. पलीकडच्या बाजूलाही असणार, असं धरून आकडा वाढवायचा."

"आणि चुकला तर?"

"चुकतो कधी कधी. मधेच खूप गळून जातात."

शेवटच्या संध्याकाळी तो पोतं बांधत होता. सकाळी निघणार, ते थेट दोन वर्षांसाठी. आणि हा बाबा एक शब्द बोलेल तर शपथ! मला रडूच यायला लागलं.

"निहार, मी काय समजायचं? वाट बघायची... की नाही?"

त्याने बियांची वही उघडून माझ्यापुढे धरली. मागच्या पानावर लिहिलं होतं – रुचिता गच्चीवर आली, सव्वीस वेळा. पापड आणले, चार वेळा.

माझे कान गरम झाले. "चोरा! मलाच मोजत होतास?"

"सवय आहे गं... पण पुढचं सांगायची हिंमत होत नाहीये. अंदाज चुकला तर?"

"चुकलाच आहे. एकाच बाजूने मोजलंयस तू. आमच्या दाराच्या आय-होलमधून सगळा जिना दिसतो. तू कधी वर जातोस म्हणून मी रोज तिथे डोळा लावून उभी असायचे, ते कुठे लिहिलंयस?"

वही मिटून तो अगदी हळू म्हणाला, "आवडतेस तू मला. दोन वर्षं... थांबशील?"

"थांबेन. पण मधे मधे येऊन बघून जायचं. गळतात म्हणालास ना!"