ग्लेन आरखचा मूळपुरुष

स्कॉटलंडच्या राजाने बहाल केलेल्या ग्लेन आरखच्या खोऱ्यात सर ओडो द रिनेल उतरला, तेव्हा दुपार कलली होती. नॉर्मंडीहून आलेल्या या सरदाराने त्या मुलखात पूर्वी पाऊलही टाकलं नव्हतं. स्वारांना त्याचा हुकूम साधा होता: माणसं वाकली तर ठीक, नाहीतर घरं पेटवायची.

घरं कसली, गवताने शाकारलेल्या खोपी. ओटच्या भाकऱ्यांचा करपट वास सगळीकडे भरला होता. कुणी पळालं नाही. एक म्हातारी दुधाचं वाडगं घेऊन सरळ घोड्यापाशी आली.

"किती वाट बघायला लावलीत, आजोबा."

"काय बरळतेय ही?" ओडोचा जुना साथीदार गिलेम म्हणाला. "दुधात विष असेल. पेटवू का?"

ती बोली ओडोला कधी कुणी शिकवली नव्हती. तरी शब्द न् शब्द कळला होता.

त्याने शिरस्त्राण काढलं. त्याचा एक डोळा घारा, एक काळाभोर, बापाचा वारसा. म्हातारीचेही डोळे तसेच होते. मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाचे तसेच होते.

"तुमच्या कुळाचा मूळपुरुष कोण?" त्याने त्याच बोलीत विचारलं.

"तुम्हीच की."

"मला मूलबाळ नाही, म्हातारे."

"होतील ना." तिने दारातल्या मार्सली नावाच्या तरुणीकडे बोट केलं. सगळ्यांत तिचेच तेवढे दोन्ही डोळे निळे होते.

मशाली विझवायला त्याने का सांगितलं, ते त्यालाच उमगलं नाही.

"मी चाललो बाबा," थंडी पडायच्या आत गिलेम म्हणाला. "ही माणसं तुमच्याकडे कशी बघतात, दिसतं का तुम्हाला? मेंढरं मेंढपाळाकडे बघतात तशी नाही. भुकेली माणसं ताटाकडे बघतात तशी." बाकीचे स्वारही त्याच्यामागोमाग गेले.

ओडो राहिला. मार्सलीशी त्याचं लग्न झालं. पहिला मुलगा झाला त्या सकाळी गावचा लोहार नाहीसा झाला. भट्टी धगधगत होती, हातोडा ऐरणीवर होता. कुणी शोधायला गेलं नाही. दुसऱ्या खेपेला जुळी झाली, आणि दोन खोपी रिकाम्या पडल्या.

"कुठे जातात ही माणसं?" त्याने म्हातारीला विचारलं.

ती जात्यावर ओट दळत होती. "जातात कुठे? येतात."

त्याने मार्सलीपासून दूर निजायचं ठरवलं. ते एक हिवाळा टिकलं.

मग मुलगी झाली. ओडो धावत म्हातारीच्या खोपीत गेला. जातं अजून गरगरत होतं. खुंट्यावर कुणाचाच हात नव्हता.

तो परतला. मार्सली दमून झोपली होती.

बाळ रडत नव्हतं. ओडोने भीत भीत त्याची इवली मूठ उघडली.

कोवळ्या तळहातावर जात्याच्या खुंट्याचे घट्टे होते.