बुधवारची बाटली

"बाटली आणली?"

जाळीपलीकडून प्रश्न आला तेव्हा सुहासिनीने आधी मागे वळून पाहिले. तो आपल्यालाच विचारलेला आहे हे तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ गेला. भाद्रपद संपत आला होता. अंबरनाथच्या सरकारी दवाखान्याच्या पत्र्यावर ऊन आणि पाऊस एकाच वेळी पडत होते. औषधाच्या खिडकीला बारीक तारेची जाळी होती आणि खाली अर्धचंद्राकृती भोक. त्या भोकातून तिला फक्त दोन हात दिसत होते. लांब बोटांचे, उजव्या तर्जनीवर लाल डाग पडलेले.

"कसली बाटली?" तिने विचारले.

"औषध कशातून न्यायचं मग? ओंजळीतून?" हात थांबले. "सरकारीत पहिल्यांदाच आलात वाटतं."

रांगेत हसू पसरले. तिच्या मागे वेणूबाई उभी होती. गुडघ्यांच्या दुखण्याने ती या रांगेची जुनी रहिवासी झाली होती. "अगं बाय, इथं बाटली आपली, बूच आपलं आणि औषध सरकारचं. कुणी सांगितलं नाही का तुला?"

सुहासिनी शरमली. सात वर्षे ती उल्हासनगरच्या एका खासगी नर्सिंग होममध्ये परिचारिका होती. सलाइनचा थेंब किती सेकंदांनी पडावा हे तिला डोळे मिटून सांगता आले असते. पण औषधाला जाताना घरून बाटली न्यावी लागते, ही गोष्ट तिच्या शिक्षणात कुठेच आलेली नव्हती.

"मी... नर्स आहे," ती कारण नसताना म्हणाली.

"कुठं?"

"उल्हासनगरला. नर्सिंग होममध्ये."

"हां. तिथं औषधाबरोबर बाटली येते, बाटलीबरोबर खोका येतो, आणि खोक्याबरोबर बिल येतं." बोलणारा खाली वाकला आणि भोकातून त्याचा चेहरा दिसला. तिशीचा, सावळा, डोळ्यांत हसू अडवून धरलेला. तिच्या हातातल्या केसपेपरवर त्याची नजर फिरली. 'किसन रोकडे, वय बासष्ट, जुना खोकला, दम लागणे.' "वडील?"

"हो."

तो दिसेनासा झाला. आत पाणी ओतल्याचा आवाज आला आणि मग भोकातून सरबताची एक जुनी काचेची बाटली बाहेर आली. ती खांद्यापर्यंत लाल औषधाने भरलेली होती आणि तिच्यावर डोसाची कागदी पट्टी चिकटवलेली होती. कागद दुमडून कातरलेली, दोन्ही कडांना सारख्या खाचा असलेली. इतकी नीट कातरलेली पट्टी तिने कधी पाहिली नव्हती.

"ही बाटली कुणाची?"

"माझी. प्यायच्या पाण्याची. बुधवारी परत आणा." आणि मग किंचित आवाज चढवून, साऱ्या रांगेला ऐकू जाईल असे, "पुढच्या खेपेला रिकाम्या हातानं येऊ नका, सिस्टर."

त्याचे नाव भगवान शिरसाट. दवाखान्याचा कंपाउंडर.

किसनरावांना हे नाव कळले तेव्हा ते खोकला येईपर्यंत हसले. बदलापुरात मांजर्लीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत किती तरी दिवसांनी कुणी तसे हसले होते. एमआयडीसीतल्या रसायनांच्या कारखान्यात त्यांनी छातीची तीस वर्षे घातली. कारखाना बंद पडला आणि त्याबरोबर विम्याचे कार्डही गेले. सुहासिनीची आई त्याआधीच गेली होती. तेव्हापासून संध्याकाळी घरात दोनच आवाज असत, स्टोव्हचा आणि खोकल्याचा.

"त्याला सांग," ते डोळे पुसत म्हणाले, "छप्पन साली माझ्या बापानं देव सोडले. आणि मी म्हातारपणी भगवानाच्या खिडकीशी रांग लावतोय म्हणावं."

बुधवारी तिची दुपारची पाळी असे. तिने पाण्याची बाटली घासूनपुसून परत दिली आणि औषधासाठी नर्सिंग होममधली एक रिकामी बाटली पुढे केली. वडिलांचा निरोपही सांगितला. जाळीपलीकडचे हात गदगदले, आणि तो हसतो आहे हे तिला कळले.

"त्यांना सांगा, हा भगवान नवसाला पावत नाही. फक्त केसपेपरला पावतो."

असे ते सुरू झाले. वडिलांचा एखादा टोमणा घेऊन ती दर बुधवारी येई आणि त्याचे उत्तर घेऊन परत जाई. दोन्हींच्या मधे काही वाक्ये मात्र कुणाच्याच निरोपाची नसत.

"ही बाटली प्रायव्हेटची," तो एकदा तिच्या बाटलीवरचे निघत आलेले लेबल खरवडत म्हणाला, "आणि औषध सरकारी. जमेल का दोघांचं?"

"बाटलीला काय कळतंय?"

"बाटलीला नाही कळत... बूच लावणाऱ्याला कळतं."

"भगवानभाऊ," मागून वेणूबाई ओरडली, "तुमचं बूच लागलं असेल तर माझ्या गुडघ्याकडं बघा आता."

तो खरवईत एक खोली घेऊन राहत होता. त्याची माणसे तिकडे परभणीकडे. म्हणजे दोघेही बदलापूरचेच, रुळांच्या दोन बाजूंचे. पण बदलापुरात ती दोघे कधी भेटली नाहीत. ये म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हते, आणि कारणाशिवाय जायची सुहासिनीला सवय नव्हती. तिच्या नर्सिंग होममध्ये पंखा होता, गादीच्या खुर्च्या होत्या, आल्यागेल्याला "या, बसा" म्हणायची शिस्त होती. ते शब्द ती दिवसातून शंभरदा उच्चारी. पण "तुम्ही जेवलात का? डोळे सुजलेत" असे तिला विचारले ते त्या जाळीतूनच, आणि तेही मागे चाळीस माणसे खोळंबलेली असताना.

जानेवारीत किसनरावांचा दम वाढला. नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी तिच्याकडे पाहून खाट दिली, दोन दिवस प्राणवायू दिला. तिसऱ्या सकाळी त्यांनी तिला बाजूला घेतले. "सुहासिनी, इथं व्हायचं तेवढं झालं. आता मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यायला हवं." ते खोटे बोलत नव्हते, आणि त्यांना वाईटही वाटत होते. सरकारी रुग्णालयात खाट मिळाली नाही. दोन खाटांच्या मधे जमिनीवर गादी टाकली गेली. तिथली म्हातारी आया सकाळभर पुठ्ठ्याने वारा घालत बसली, आणि त्या वाऱ्यातच किसनराव गेले. पुढे किती तरी दिवस सुहासिनी मनाशी ताळा घालत राहिली. एकीकडे खाट होती, पण तिला मुदत होती. दुसरीकडे खाट नव्हती, पण जा असे कुणी म्हटले नाही. बरे कोणते, हे तिला ठरवता येईना.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, नातलग परतले. दुसऱ्या दिवशी बुधवार होता. कपाटात केसपेपर होता, आणि त्यावर डॉक्टरांच्या अक्षरात 'तेच औषध चालू' असे लिहिलेले होते.

ती भगवानला सांगायलाच गेली होती. रांगेत तिने वाक्य जुळवूनही ठेवले होते. पण खिडकीशी पोचताच हात पुढे आले. "बाटली आणली? बाबा कसे आहेत?" आणि तिला वाटले, आता सांगितले की केसपेपर बंद होणार. केसपेपर बंद झाला की या खिडकीशी आपले काही काम उरणार नाही. मग आठवड्यातल्या सातही दिवसांत आपल्याला कुणी काही विचारणार नाही.

"आहेत तसेच," ती म्हणाली.

पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. भरलेली बाटली ती घरी नेई आणि बाबांच्या खाटेजवळच्या खिडकीत ठेवी. ते औषध तिला ओतून टाकवत नसे. म्हणून दर खेपेला नर्सिंग होममधून नवी रिकामी बाटली घेई. फेब्रुवारी सरता सरता तिथे पाच बाटल्या उभ्या राहिल्या. नदीकडून ऊन आले की त्यांतून पाच लाल ठिपके रिकाम्या खाटेवर पडत आणि हळूहळू उशीकडे सरकत. दुपारची पाळी नसलेल्या दिवशी ती ते पाहत बसे. आपण हे काय करतो आहोत ते तिला पुरते कळत होते. वडिलांच्या खोकल्याबद्दल तिला खोटे बोलता येई, पण त्यांच्या नावाने टोमणा काही रचता येईना. भगवाननेही तो कधी मागितला नाही. औषध देताना तो आता पूर्वीपेक्षा हळू बोले, एवढेच.

सहाव्या बुधवारी बाटली पिशवीत घालून ती दरवाजाशी आली होती, तोच मागून भगवानचा आवाज आला. "खोकल्याचं मिक्श्चर संपलं. नवं शुक्रवारी येईल. आवडीबाई, तुम्ही जरा बाजूला थांबा."

आवडीबाई बारवी धरणाकडच्या पाड्यावरची म्हातारी होती. पायांवर घोट्यापर्यंत धूळ, हातात पदराच्या चिंधीचे बूच लावलेली बाटली. बाजूला थांबण्याचा अर्थ तिने आपल्या परीने लावला आणि ती भिंतीशी खाली बसली. "पाटंपासून चालतंय बाय," ती कुणाला उद्देशून नव्हे, अशीच बोलली. "सुकऱ्याला निजवत नाय. बसून रात काढतंय म्हातारा."

सुहासिनीच्या पिशवीत ती बाटली एकदम जड झाली. बसून रात्र काढणारा माणूस तिने पाहिला होता. सहा बुधवार. म्हणजे सहा जणांना हे 'संपलं' ऐकायला लागले असणार. आपल्याला दोन शब्द कुणी बोलावे म्हणून...

ती परत फिरली. "आजी, ही घ्या," म्हणत तिने बाटली आवडीच्या मांडीवर ठेवली. मग खिडकीशी जाऊन, जाळीला तोंड लावून, रांगेतल्या कुणाची पर्वा न करता ती म्हणाली, "माझे वडील जानेवारीतच गेले. मी खोटं सांगत आले. ते औषध यांना—"

"देऊ नका ते," भगवान म्हणाला.

"का?"

"आवडीबाई, ती बाटली परत द्या त्यांना." त्याचा चेहरा भोकाशी आला. त्यात आज हसू नव्हते. "त्यात औषध नाही."

"मग काय आहे?"

"पाणी... आणि थोडा लाल रंग."

रांगेतल्या माना जाळीकडे वळल्या. वेणूबाईचीसुद्धा.

"कधीपासून?" सुहासिनीने विचारले.

"आज चौथा बुधवार. पहिल्या दोन खऱ्या होत्या." त्याने आवडीबाईच्या चिंधी लावलेल्या बाटलीकडे बोट केले. "औषध घेणाऱ्या माणसाची जुनी बाटली परत येते. तोंडाशी चिकट झालेली, पट्टीवर ओघळ आलेले. तुमची दर खेपेला नवी यायला लागली. आणि बाबांचा निरोप यायचा थांबला."

"मग विचारलं का नाही?"

"विचारलं असतं... तर तुम्ही यायचं थांबवलं असतं."

तो आत गेला. परतला तेव्हा त्याच्या हातात मापाचे काचेचे भांडे होते, लाल औषधाने भरलेले. "किसनरावांच्या नावावरचं आजचं औषध मी बाजूला ठेवलंय," तो आता रांगेला ऐकू जाईल असे बोलला. "दर बुधवारी ठेवत आलोय. संपल्यावर कुणीतरी येतंच. म्हणून थांबा म्हटलं होतं, आवडीबाई. द्या तुमची बाटली."

म्हातारीला यातले काय कळले कोण जाणे. तिने चिंधीचे बूच काढले. भगवानने औषध भरले, पट्टी कातरली, चिकटवली. एका खाचेवर बोट ठेवून त्याने तिला दाखवले, "एवढं सकाळी, एवढं रात्री."

तिने केसपेपर पिशवीतून काढला, एकदा वडिलांच्या नावावरून अंगठा फिरवला आणि भोकातून आत सरकवला. त्याने तो हलकेच घेतला, झोपलेल्याच्या अंगावरची चादर सारखी करावी तसा सरळ केला आणि कोपऱ्यात लिहिले, 'बंद'.

"आता माझं इथं काही काम उरलं नाही," ती म्हणाली. डोळे भरून आले होते, पण ती रडत नव्हती.

"खिडकीशी नाही उरलं." त्याने पेनाला टोपण लावले. "खिडकी बारा वाजता बंद होते. त्यानंतर मीही दारानंच बाहेर येतो, सगळ्यांसारखा. माझ्यासाठीही घरी कुणी थांबलेलं नसतं."

मग बाटल्यांवर बोलायची इतक्या महिन्यांची सवय तिच्या मदतीला आली. "बाटली... आणायची का?"

"नको," भगवान म्हणाला. "बुधवारी रिकाम्या हातानं या."

"या हो," मागून वेणूबाई हळूच म्हणाली. "आणि आता सरका बाजूला, माझे गुडघे गेले."

सुहासिनी बाहेर आली. तिने पिशवीतली बाटली दारातल्या ठणठणीत कोरड्या मातीत उपडी केली. लाल पाणी बघता बघता जिरले. रिकामी बाटली तिने भिंतीशी ठेवली, बाटली न आणलेल्या कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून. स्टेशनच्या रस्त्याने चालताना मोकळे हात कुठे ठेवावेत, ते तिला बराच वेळ कळेना.