खाली बसवलेली दांडी

गाडी दारात आली तेव्हा मी शेंगा फोडत बसले होते. आदिनाथनं, माझ्या लेकानं, दोनदा हॉर्न दिला तरी मी उठले नाही. या घरात मला उठवायला माणूस यावं लागतं, हॉर्न नाही.

सून सुकन्या ओवाळायचं ताट घेऊन बोलवायला आली, मग उठले. आणि खरं सांगते, गाडी बघून माझं तोंड बंद झालं. ते सहसा होत नाही. दारात आमची जुनी जीपच उभी होती. म्हणजे ती नव्हे. ती मालक, म्हणजे आदिनाथचे नाना, गेल्यावर वर्षाच्या आत भंगारात गेली. पण तोंड हुबेहूब तिचं. दोन गोल दिवे, मध्ये उभ्या फटींची जाळी, सरळ उभी काच, दारांच्या बिजागऱ्या बाहेरून दिसणाऱ्या, मागच्या दाराला स्टेपनी लटकलेली. रंग शेवाळी, मुरलेल्या मिरचीच्या लोणच्यासारखा.

आदिनाथ सांगत होता, कंपनीनं मुद्दाम जुन्या धाटणीची काढली आहे, आणि आपल्यासारख्यांना परवडावी म्हणून नखरे कमी ठेवलेत. ते दिसतच होतं. काच खाली करायला हातानं फिरवायची मूठ. डॅशबोर्ड म्हणजे बाहेरच्याच रंगाचा नुसता पत्रा, त्यात दोन गोल मीटर. मागं समोरासमोर दोन बाकडी, पायाखाली रबर, शीटला चौकडीचं जाड कापड. मी पत्र्यावर टिचकी मारली. म्हटलं, "डबा बरा वाजतोय. रंग उडाला की आतबाहेर एकदमच उडंल."

"बस तरी आधी, आई. तुझी शीट हाय."

पुढची डावी शीट माझी. जामखेडच्या बाजारात कुणालाही विचारा. वीस वर्षं मी मालकांच्या शेजारी त्या शीटवर बसले. नणंदा, भावकीतल्या बाया, सगळ्या मागच्या बाकड्यावर. लग्न असो नाहीतर कुणाची माती असो, आमच्या जीपच्या पुढच्या दारानं उतरणारी बाई एकच. माझा सगळा मान त्या दोन फूट जागेत होता म्हणा ना.

बसले. गचके बसले की धरायला समोरच्या पत्र्याला दांडी होती. माझा हात आपोआप खाली, गुडघ्याकडं गेला आणि दांडी तिथंच सापडली. जुन्या जीपलाही ती अशीच खाली होती. मी उंच बाई, वीस वर्षं वाकून धरली. मालकांना म्हणायची, तर म्हणायचे कंपनीनं तशीच दिली आहे. मग सवय झाली. नव्या गाडीत ती त्याच जागी सापडली तेव्हा, काय सांगू, माहेरच्या उंबऱ्यात पाय ठेवल्यासारखं वाटलं.

पाचव्या दिवशी त्या दांडीचा रंग उडालेला दिसला. चार बोटांच्या रुंदीएवढाच. आतून लोखंड चकाकत होतं, वर्षानुवर्षं हात लागून झिजतं तसं. मी माझी मूठ तिथं ठेवून बघितली. दोन्हीकडून बोटं बाहेर राहिली. शीटच्या कापडालाही खळगा पडला होता, माझ्या निम्म्या अंगाचा, आणि तोही ड्रायव्हरच्या बाजूला सरकलेला. आदिनाथ म्हणाला, स्वस्तातला माल आहे, असंच व्हायचं. मला पटलं. स्वस्तातल्या मालाला मी जन्मभर नावं ठेवत आले आहे.

मग माती दिसली. चैत्र होता. आमच्याकडं पांढरट मुरमाड रान, त्यात चार महिने थेंब नाही. आणि माझ्या शीटपुढच्या रबरावर दोन पावलांचे ठसे, लाल मातीचे, ओले. अनवाणी पाय, लहान. अंगठ्याशेजारच्या बोटाला जोडव्याचा गोल वळ.

मी आधी सुनेलाच धरलं. चार गोष्टी तिच्या माहेरावरूनही बोलले. तिनं चप्पल काढून आपलं पाऊल ठशाशेजारी ठेवलं, ते बोटभर मोठं निघालं. वर म्हणाली, "गाडी उभी असली की किल्ली तुमच्याच कमरेला असती, आत्याबाई." तेही खरं होतं.

रबर मी स्वतः काढून धुतलं, उन्हात वाळवलं, परत घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ठसे होते. तेच, तिथंच, ओले.

त्याच दुपारी जामखेडला स्टँडसमोर तसलीच एक गाडी उभी दिसली, त्याच शेवाळी रंगाची. तिचा मालक शेजारी चहा पीत होता. त्याला विचारून मी पुढचं दार उघडलं. आत सगळं तसंच, पत्रा तसा, मीटर तसे. दांडी मात्र वर होती, छातीच्या उंचीला, माझ्या हाताला बरोबर. विचारलं, बदलून घेतलीस का रे?

"न्हाई मावशी. कंपनीतनं अशीच येती."

आमच्या गाडीत येऊन बसले तेव्हा मी दांडीकडं हात नेला नाही. घरापर्यंत हात मांडीवर ठेवले.

घरी आल्यावर आदिनाथला त्या रबरासमोर उभं केलं आणि विचारलं, ही माती कुठली. त्यानं वेळ लावला नाही.

"भंडारदऱ्याची."

तो काय बोलून बसला ते आम्हा दोघांनाही एकदमच कळलं. भंडारदऱ्याला मालक एकटे जायचे, वर्षातून दोनदा, तांदूळ आणायला. मला कधी न्यायचे नाहीत. वळणं लई हायेत, तुला ओकाऱ्या होतील, म्हणायचे. आणि आदिनाथनं तर तो मुलूख पाहिलेलाच नाही, असं तो स्वतःच मला सांगत आला होता. त्या तांदळाचा भात पाहुण्यांना वाढताना मी किती मिरवले आहे, ते माझं मलाच ठाऊक.

मी म्हटलं, उद्या गाडी काढ. तो म्हणाला, "आई, नको." तेवढंच.

उजाडताना निघालो. मला एकदाही मळमळलं नाही. अकोले मागं टाकलं तसे डोंगर जवळ आले आणि माती लाल होत गेली. आदिनाथनं कुणाला रस्ता विचारला नाही. धरणाच्या कडेकडेनं गेला, एका आंब्यापाशी वळला आणि थांबला तो एका घरासमोर. कौलारू, दोन खणांचं, दाराला कुलूप, उंबऱ्यातून गवत वर आलेलं. अंगणभर गवत होतं. फक्त गाडीच्या चाकांच्या दोन चाकोऱ्या मोकळ्या होत्या, आणि आमची चाकं बरोबर त्यांच्यावर उभी होती.

शेजारच्या घरातून एक म्हातारा आला. आदिनाथकडं बघून ओळखीचं हसला. मी पुढच्या दारानं उतरले तशी त्यानं टोपी काढली आणि वाकून हात जोडले.

"थोरल्या बाई ना तुम्ही? लई उशीर केला यायला."

थोरल्या.

मालकांना भाऊ नाही. मला जाऊ नाही. चाळीस वर्षांत मला सासरी कुणी थोरली म्हटलं नाही, कारण थोरली म्हणायला कुठंतरी धाकटी असावी लागते.

म्हाताराच सांगत राहिला. तिचं नाव जयमाला. भाताच्या खाचरात पडून तिचा खांदा कायमचा गेला होता, हात वर होत नव्हता, म्हणून मालकांनी जीपची दांडी वेल्डरकडून खाली बसवून घेतली होती. मालक गेल्याचं तिला आदिनाथनंच येऊन सांगितलं. पुढच्या आषाढात तीही गेली. शेवटी शेवटी कुणाचीही गाडी वाजली तरी दारात येऊन बसायची, म्हणाला.

मी लेकाकडं बघितलं. मेलेल्या नवऱ्याला काय विचारायचं? हा जिवंत होता, माझ्या हातचं जेवत होता.

"तुला कवापासनं ठावं हाय?"

"बारावीत हुतो," तो म्हणाला. "नानांनी शपथ घातली हुती. तुझा मान ऱ्हावा म्हनून, आई."

माझा मान. दोन फूट जागा. तीही दुसऱ्या कुणाच्या अंगानं उबवलेली.

मी पुढं बसले नाही. मागचं दार उघडून बाकड्यावर जाऊन बसले, जिथं मी जन्मभर नणंदांना बसवलं.

आदिनाथ स्टेअरिंगवर बसला. पुढचं डावं दार मी उतरताना उघडंच टाकलं होतं. ते लावायला तो गेला नाही. नुसता थांबून राहिला, कुणासाठी थांबावं तसा.

मग दार लागलं. मी आंब्याकडं बघितलं. पान हलत नव्हतं.

गाडी सुरू झाली आणि टुकटुक असा आवाज यायला लागला. पुढच्या शीटवर माणूस बसलं आणि पट्टा लावला नाही, की ही गाडी असं वाजते.

शीट रिकामी होती. मला मागून स्पष्ट दिसत होती.

आदिनाथ दचकला नाही. मागं वळून माझ्याकडं बघितलंही नाही. डावीकडं वाकला, पलीकडचा पट्टा ओढला, आणि खटक्यात बसवायच्या आधी वीतभर पुढं धरला, आत पदर अडकू नये म्हणून धरतात तसा. हात सरावलेला होता.

खटका लागला. टुकटुक थांबली.

मी बाकड्यावरून पुढं वाकून बघितलं. पट्टा शीटला कुठंच टेकला नव्हता.