'अभेद्य'वरचा डाग

शाल्मलीच्या आत्याने तयार केलेल्या 'अभेद्य' गव्हाला तांबेरा कधीच लागणार नव्हता. बियाण्याच्या पिशवीवर तसं छापलेलंच होतं. तो मजकूरही आत्यानेच लिहिला होता.

तांबेरा म्हणजे गव्हाच्या पानांवर वाढणारी बुरशी. लोखंडाच्या गंजासारखी तिची पूड, म्हणजे तिचे बीजाणू (बुरशीचं बी), वाऱ्यावरून शेकडो मैल जाते. २०७१ सालच्या एका धुकट सकाळी डोंगरावरच्या काचघरात 'अभेद्य'च्या कुंडीत तीच पूड दिसली. पानाला बोट लावलं की बोट तांबूस होत होतं.

शाल्मलीने हात पाठीमागे लपवले. काचघराचा नियम होता: आधी निरोगी कुंड्या, मग आजारी. मागच्या आठवड्यात तिने नेमकं उलटं केलं होतं. रोगट पानं चोळली आणि त्याच हातांनी 'अभेद्य'ला कुरवाळलं.

"आत्या, माझ्यामुळे झालं हे."

आत्याने पान उजेडाकडे धरलं. "तू पोतंभर पूड ओतली असतीस, तरी इथला जुना तांबेरा यावर उगवला नसता बाई."

"मग माझी चूक नाही?"

"तुझी असती तर मी आज नीट जेवले असते."

काचेपलीकडे दरीभर 'अभेद्य'च उभा होता. पुढच्या दरीतही तोच. सगळा एकसारखा, आणि एकही पान हलत नव्हतं.

"गव्हाचं एक जनुक (पेशीतली लिखित सूचना) राखणदार घडवतं," आत्या म्हणाली. "त्याला बुरशीचा एकच चेहरा माहीत असतो. तो चेहरा दिसला की बुरशी जिथे बसली, पानाची तेवढी जागा राखणदार मारून टाकतो. बुरशी उपाशी मरते."

"आणि चेहरा बदलला तर?"

"मिशी काढून आलेल्या चोराला आपला राखणदार 'या, बसा' म्हणतो."

काचघर सांभाळणाऱ्या चिंतोबा या यंत्रमानवाने पुडीतली जनुकं वाचली. "दिसायला अगदी जुन्यासारखा. पण चेहऱ्याच्या जनुकात एक अक्षर वेगळं आहे," तो म्हणाला. मग त्याने मान वळवली. "काचेवर बाहेरूनही हीच पूड आहे."

म्हणजे ती दरीतूनच आली होती.

दरीत फवारणीचा निरोप गेला. आत्याने कपाटातून दुसरं बियाणं काढलं. त्यात तीन वेगवेगळे राखणदार होते. तिघांना एकदम चकवणं फार अवघड. पुढच्या हंगामात हे पेरायचं, तेही इतर वाणांच्या सोबतीने, असं ठरलं.

शाल्मली अजून काचेकडे बघत होती. "कोणतं अक्षर बदलायचं, हे त्याला कसं कळलं?"

"कळलं नाही," चिंतोबा म्हणाला. "जनुकाची नक्कल करताना चूक झाली."