खालची जोडी

आमच्या घराला दोन मजले आणि एकच आडनाव. त्यामुळे येणारा प्रत्येक पार्सलवाला जिन्याच्या पायथ्याशी थबकून विचारतो, "वरची जोडी की खालची?" वर दादा आणि वहिनी, खाली मी आणि बायको. हा प्रश्न आमच्याकडे इतका रुळला होता की दादा फोनसुद्धा "वरची जोडी बोलतेय" म्हणून उचलत असे.

मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. दुपारी तास नसला की लॅपटॉपवर पोकर खेळतो. पैज इतकी किरकोळ की हरलो तरी घरात कुणाला कळू नये. दादाला मात्र कळे. "काय मास्तर, पोरांना संभाव्यता शिकवायची आणि आपण पत्ते कुटायचे?" असं तो जिन्यावरून ओरडे. अलीकडे त्या ओरडण्यातला दम ओसरला होता. त्याच्या हृदयाची एक झडप बदलायची होती. डॉक्टरांनी वाचण्याची शक्यता आकड्यात सांगितली, तेव्हा वहिनीने त्यात आशा ऐकली. मी फक्त आकडा ऐकला.

"तुझ्या या पत्त्यांत सगळ्यात फसवं काय असतं?" शर्टाला बटण लावता लावता बायकोने एकदा विचारलं.

"दोन जोड्या," मी म्हणालो. "दोन पानं आपल्या हातात, पाच टेबलावर सगळ्यांची. त्यांतली उत्तम पाच मोजायची. दोन जोड्या जमल्या की सोडवत नाहीत. पण टेबलावर त्यांहून मोठी जोडी उघडली, की आपली खालची जोडी बाद."

"म्हणजे काढून घेतात?"

"नाही गं. पानं जिथल्या तिथे राहतात. फक्त मोजली जात नाहीत."

"असून नसल्यासारखी," ती म्हणाली आणि दोरा दातांनी तोडला.

त्याच सुमारास माझ्या टेबलावर 'शेजारी' नावाचा खेळाडू येऊ लागला. नावाशेजारी चित्र नव्हतं, नुसतं करडं वर्तुळ. तो मुकाट खेळे, बहुतेक डाव सोडून देई. पण मला दोन जोड्या लागल्या की चेकाळल्यासारखा पैज चढवी. एरवी कधीच नाही. प्रथम मी त्याला योगायोग म्हटलं. योगायोगाला किती जागा द्यायची, हे ठरवणं माझा धंदाच आहे. ती जागा लवकरच भरली.

मग मी पडद्याच्या कोपऱ्यावर कागद चिकटवला आणि स्वतःची पानं न बघता खेळू लागलो. शेजाऱ्याने पैज चढवली की कागद उचलायचा. दर वेळी खाली दोन जोड्या असत.

"त्याला तुझी पानं दिसतात," बायको म्हणाली.

"दिसत असती तर हरला नसता. निम्म्याहून जास्त डाव मीच जिंकतो."

"मग त्याला हवंय तरी काय?"

खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं, पंख्याचा एकसुरी आवाज होता, आणि डोक्यावर दादाची पावलं चालत होती. चार पावलं, मग थांबणं. दम घेणं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी वहिनी आणि बायको इस्पितळात होत्या. संध्याकाळची पाळी माझी. दादाला आत नेल्याचा निरोप आला आणि हातांना काहीतरी काम हवं म्हणून मी लॅपटॉप उघडला. कागद काढून टाकला होता.

हातात गुलाम आणि सत्ती. टेबलावर राजा, गुलाम, सत्ती. दोन जोड्या.

शेजाऱ्याने पैज चढवली. मी तेवढीच लावून जुळवली. चौथं पान राणी. त्याने समोरचं सगळं पुढे ढकललं.

मग संवादाच्या चौकटीत, जिथे तो कधीच काही लिहीत नसे, अक्षरं उमटली.

"वरची जोडी की खालची?"

मी ती ओळ दोनदा वाचली. वेळेची पट्टी आखडत होती. हा पत्त्यांचाच प्रश्न असू शकतो, असं मी स्वतःला बजावलं. वरचा मजला अगदी शांत होता. पावलं नव्हती, दम घेणं नव्हतं.

मी लिहिलं, "वरची राहू दे."

आणि पैज जुळवली.

पाचवं पान राजा.

टेबलावर राजांची जोडी झाली. माझे गुलाम मोजले गेले. सत्त्या जिथल्या तिथे होत्या. शेजाऱ्याच्या हातात दुर्री आणि पंजी निघाली, म्हणजे काहीच नाही. डाव मी जिंकलो होतो. करडं वर्तुळ विझलं, आणि पुन्हा कधी दिसलं नाही.

फोन वाजला. बायको रडत होती, पण हसतही होती. "झडप बसली. धोका टळला म्हणतात."

दादा घरी आला तो वहिनीचा हात धरून, स्वतःच्या पायांनी. आम्ही दोघं आमच्या दारात उभे होतो. "दादा, दोन मिनिटं टेका इथे," बायको म्हणाली. तो थांबला. त्याने आमच्या दाराकडे पाहिलं, कुलूप लागलेल्या दाराकडे पाहावं तसं, आणि वहिनीला म्हणाला, "खालचं किती दिवस बंद ठेवायचं? भाड्याने देऊन टाकू."

"आधी बरे तर व्हा," वहिनी म्हणाली. ती दोघं चढून गेली.

"औषधांची गुंगी असेल," मी म्हणालो.

"वहिनीलाही?" बायकोने विचारलं.

सकाळी पार्सलवाला आला. मी दारातच होतो, पुढे होऊन हात केला. तो माझ्या अंगावरून जिना चढून गेला.

पायथ्याशी थांबला नाही. काही विचारलंही नाही.