एक्कावन्न राखून ठेवलाय

दुपारी चार वाजता, ऐन तालमीत, रंगमंचावरचे सगळे दिवे एकदम गेले. आणि मी तर कशालाच हात लावला नव्हता...

उद्या माझा पहिला प्रयोग. तीस वर्षं याच नाट्यगृहात दिवे सांभाळून बाबा निवृत्त झाले आणि माळ्यावरच्या त्यांच्या टेबलाशी मी बसले. बाबांच्या वेळी एकेक दिवा हातानं कमीजास्त करावा लागे. आता सगळे दिवे नेटवर्कवर. मी बटण दाबते, हुकूम तारेतून जातो, दिवा ऐकतो. निदान ऐकायला तरी हवा.

"उद्या असं झालं तर मी दुसरा माणूस बोलावीन," मॅनेजरकाका खालून म्हणाले. आवाजही चढवला नाही त्यांनी. त्यामुळेच ते खरं वाटलं.

टॉर्च घेऊन मी टेबलाखाली घुसले. पलीकडून दुसरा टॉर्च घेऊन कुणीतरी येत होतं. आमची डोकी आपटली.

"तुमचंही गेलं?" त्यानं कपाळ चोळत विचारलं.

"माझे दिवे गेले. तुमचं काय गेलं?"

"आवाज. माझा मिक्सर टॅब्लेटला ओळखच दाखवत नाहीये."

हा नवा ध्वनिवाला, आजच रुजू झालेला. त्याच्या पापण्यांवर टेबलाखालची धूळ बसली होती. नोकरी जायची वेळ आलेली असताना पापण्या बघायच्या असतात का? पण मी बघितल्या.

मग एक शंका आली म्हणून मी त्याची तार उपटली. दिवे परत आले.

"सापडला चोर," मी म्हटलं.

"वा. तार माझी उपटली आणि चोरही मीच?"

"मिक्सरला आयपी पत्ता कोणता दिलात?"

"तुमचाच."

"काय?"

"काकांना विचारलं, तर म्हणाले, टेबलावरच्या चिकटपट्टीवर लिहिलाय तो घाल. मी आकडा न् आकडा तस्साच उतरवला..." तो अभिमानानं वाचू लागला, "एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, पन्नास."

ती पट्टी माझी, अक्षर माझं, आकडा माझ्या टेबलाचा. एका म्यानात दोन तलवारी, मग दोघांचंही कसं चालणार होतं?

"अहो, पहिले तीन आकडे आपल्या सगळ्यांचे सारखेच. ती इमारत समजा. शेवटचा आकडा म्हणजे ज्याची त्याची खोली. तुम्ही थेट माझ्याच खोलीत येऊन राहिलात की." बोलून गेले आणि माझेच कान तापले.

तो हळूच म्हणाला, "सामान हलवतो... शेजारची रिकामी आहे?"

"एक्कावन्न. घ्या."

त्यानं आकडा बदलला. दिवे राहिले, आवाजही आला. खात्री करायला मी त्याला पिंग शिकवलं. पिंग म्हणजे नुसती हाक, आहेस का? जागेवर असलं की यंत्र उत्तर देतं, आहे. त्यानं माझ्या टेबलाला हाक मारली आणि पडद्यावर चार ओळी उमटल्या.

"चारदा विचारलं, चारदा 'आहे' म्हणाली," तो म्हणाला.

"यंत्र म्हणालं."

"हो, यंत्रच. मी कुठे काय म्हटलं?"

तेवढ्यात मॅनेजरकाका वर आले. "चूक कोणाची?"

मी तोंड उघडलं, पण त्याआधी तो म्हणाला, "माझी."

"मग उद्याचा प्रयोग कर आणि मोकळा हो."

कोणाचा नंबर कोणता याची यादी भिंतीवर हवी, आणि ते काम दिव्यांच्या टेबलाचं. मी ती केलीच नव्हती. हे सांगायला दोन वाक्यं पुरली असती. माझी नोकरी वाचली होती, म्हणून माझी दातखीळ बसली. मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगाला बाबा आले. आताशा त्यांना लांबचं दिसत नाही, म्हणून काकांनी त्यांना विंगेत आपल्या शेजारी बसवलं. "दिवेवाल्याचं तोंड चालू असलं तरी हात थांबता कामा नये," जाताना बाबांनी बजावलं.

दिवे एकदाही गेले नाहीत. शेवटचा प्रवेश आला. आमच्या हेडसेटला दोन बटणं असतात, एक सगळ्यांशी बोलायचं, एक फक्त आम्हा दोघांचं. मी बटण दाबलं.

"आहेस का?"

"आहे," तो म्हणाला. कालपासून अहोजाहो कधी गळून पडलं, कळलंच नव्हतं. "उद्या नसेन. एक्कावन्न नंबर कोणाला देणार?"

"कोणालाच नाही. राखून ठेवलाय. आता दुसरं यंत्र जोडलं तरी नंबर वाटणारा राउटर त्याला तो देणार नाही." मी एका दमात पुढचं बोलून टाकलं. "यादी करायचं काम माझं होतं. चूक माझी होती आणि मी गप्प बसले. आत्ता काकांना सांगते. आणि... तू जाऊ नकोस. नंबरासाठी नाही म्हणत. मला आवडतोस तू."

खाकरल्याचा आवाज आला. त्याचा नव्हता.

"काकांनी ऐकलं," मॅनेजरकाका म्हणाले.

मी खाली बघितलं. सगळ्यांशी बोलायचं बटण लाल पेटलं होतं. पडदेवाल्यापासून रंगपटापर्यंत अख्ख्या नाट्यगृहानं ऐकलं होतं.

"यादी उद्या सकाळी भिंतीवर हवी," काका पुढे म्हणाले, "दोघांनी मिळून केलेली."

आणि मग, जो आवाज तिथे असेल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं, तो काकांच्या हेडसेटवरून कानात आला.

"पोरी, हात थांबलाय तुझा," बाबा म्हणाले. "नायिका अजून उजेडात रडतेय. दिवा उतरव, मग त्याचं उत्तर ऐक."

मी दिवा उतरवला. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या गदारोळात, सगळ्यांना ऐकू जाणारं तेच बटण दाबून, तो म्हणाला,

"आहे. इथेच आहे."