छगनरावांची इंग्रजी खूण

"कुऱ्हाड खाली ठेवा, छगनराव. पोरं उभी हायेत," कानिफनाथ मामा म्हणाला.

"मग पोरं घरी धाड. ही लिंबं माझ्या हद्दीत हायेत."

दिवाळीच्या सुट्टीत केडगावहून काष्टीला आलेली दिशा मामेभाऊ आदिनाथजवळ उभी होती. शेजारच्या शेताचे मालक छगनराव म्हणजे भांडण उकरून काढण्यात पटाईत. बांधावरून त्यांचं मामाशी कायमचं वाकडं. आज तर त्यांनी मामाच्या लिंबोणीच्या बागेतल्या गवतातून एक गंजका लोखंडी दांडा शोधून काढला होता. इंग्रजांच्या मोजणीची खूण म्हणे! म्हणजे दांड्याअलीकडची लिंबाची अख्खी ओळ त्यांची. इंग्रजांच्या मोजणीपुढे गावात कुणी वाद घालत नाही, तसा मामाही गडबडला. टँकरचं पाणी घालून जगवलेली झाडं ती. दिशाचं डोकं सणकलं.

"आज्याच्या काळापासून हाय तो," छगनराव सरपंच सविताताईंना सांगत होते. "खोल गाडलाय. ओढून बघा."

मामानं ओढून पाहिला. दांडा जागचा हलला नाही.

दिशा मात्र दांड्याकडे बघत राहिली. त्याला वरपासून खालपर्यंत वेटोळ्यासारख्या कड्या होत्या. "मोजणीच्या खुणेला कड्या कशाला?" ती कुजबुजली.

"म्हशी बांधायला असतील," आदिनाथ म्हणाला.

"एका दांड्याला किती म्हशी बांधशील? फोटो काढ आणि मोबाईलवर शोध."

आदिनाथनं शोधलं आणि त्याचे डोळे विस्फारले. जुन्या फोटोत इंग्रजांचे सैनिक होते, काटेरी तार होती आणि हुबेहूब असेच दांडे. तार कड्यांमधून ओवायची. दांड्याचं खालचं टोक स्क्रूसारखं पिळाचं. ठोकला तर शत्रूला आवाज जाईल, म्हणून गुपचूप फिरवून जमिनीत घालायचा.

"ताई, ही मोजणीची खूण नाही," दिशा सरपंचांना म्हणाली. "लष्कराच्या तारेच्या कुंपणाचा खांब आहे. आदिनाथ, कडीत पहार घाल आणि उलटी फिरव."

"हात लावू नगा," छगनराव खेकसले.

"फिरवू द्या," सविताताई म्हणाल्या.

दोघांनी जोर लावला. दांडा कुरकुरला आणि बघता बघता पिळाच्या टोकासकट वर आला.

"दोन पोरांनी काढला. ही कसली हद्द?" सविताताईंनी विचारलं.

"कुणीतरी सैल केला आसंल," छगनराव गुरगुरले. "इंग्रजांनीच रोवलाय."

"मग सरकारी झाला," दिशा शांतपणे म्हणाली. "आदिनाथ, उचल. नगरला लष्कराकडे जमा करू."

आदिनाथनं दांडा खांद्यावर टाकला.

"ठेव खाली!" छगनराव धावले. "नगरच्या भंगारवाल्याकडनं पैसे मोजून आणलाय मी. माजा हाय तो."

आपण काय बोलून गेलो ते त्यांना मागाहून कळलं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

"आजा बी भंगारवाल्याकडनंच आणला का?" सविताताई म्हणाल्या. "न्या तुमचा दांडा. आन् पुन्हा ह्या बागेत पाय ठेवू नका."

छगनरावांनी दिशाकडे जळजळीत नजर टाकली आणि दांडा घेऊन ते तरातरा निघून गेले.

"लई धीराची हाय रं तुझी भाची," सविताताई मामाला म्हणाल्या.

मामानं दिशाला जवळ घेतलं आणि भरल्या डोळ्यांनी तो लिंबाच्या ओळीकडे बघत राहिला.